आधी औषधांची यादी, मग प्लॅन: निवृत्तीनंतर मेडिकेअर पार्ट डी कसा निवडायचा

काही वर्षांपूर्वी हे पासष्टचे झाले आणि आम्ही मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेत पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याच्या, कागदपत्रांच्या मागे लागलो. औषधांच्या विम्याचं, म्हणजे पार्ट डीचं, काय करायचं ते कळेना, म्हणून शेजारच्या ताईंना विचारलं आणि त्यांनी घेतला होता तोच प्लॅन घेतला. प्रीमियम कमी होता, ताईंची काही तक्रार नव्हती. जानेवारीत ह्यांची रक्त पातळ ठेवणारी गोळी, एलिक्विस, आणायला फार्मसीत गेले तर काउंटरवरच्या मुलीने चारशेच्या वर आकडा सांगितला. मी दोनदा विचारलं. तिने शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवली: डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी आपण स्वतः भरायची रक्कम. ताईंच्या गोळ्या रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या, सगळ्या स्वस्त जेनेरिक. त्यांना त्या डिडक्टिबलची झळ कधी लागलीच नव्हती. प्लॅन ताईंसाठी उत्तम होता, ह्यांच्यासाठी नव्हता.

तेव्हापासून हा विषय नीट शिकून घेतला. आता दर ऑक्टोबरला इथे न्यू जर्सीत ओळखीच्या कुणा ना कुणाबरोबर लॅपटॉप घेऊन बसते. ज्या क्रमाने आम्ही बसून काम करतो, त्याच क्रमाने खाली लिहिते. आकडे २०२६ सालचे आहेत. दुसऱ्या वर्षाचे असतील तिथे तसं सांगितलं आहे.

पार्ट डीची जागा

मेडिकेअरचा पार्ट ए हॉस्पिटलचा, पार्ट बी डॉक्टरांचा. रोजच्या गोळ्यांचे पैसे या दोघांतून मिळत नाहीत. त्यासाठी २००३ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २००६ पासून पार्ट डी सुरू झाला. नियम सरकारचे, प्लॅन खाजगी विमा कंपन्यांचे. तो दोन तऱ्हांनी मिळतो. तुमच्याकडे मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारचे पार्ट ए आणि बी, असेल तर औषधांचा स्वतंत्र प्लॅन घ्यायचा. मेडिकेअर अॅडव्हान्टेज, म्हणजे ए आणि बी एकत्र देणारा खाजगी कंपनीचा प्लॅन, घेतलं असेल तर बहुधा त्यातच औषधांचा विमा असतो.

एक खड्डा इथेच दाखवून ठेवते. एचएमओ किंवा पीपीओ प्रकारचं, म्हणजे ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या जाळ्यावर चालणारं, अॅडव्हान्टेज असताना कुणी वरून औषधांचा स्वतंत्र प्लॅन घेतला, तर अॅडव्हान्टेज आपोआप रद्द होतं. आणि उलट, निव्वळ औषधं स्वस्त पडतात म्हणून मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप (मूळ मेडिकेअरमध्ये आपल्याला भराव्या लागणाऱ्या वाट्यासाठीचा जोडविमा) सोडून अॅडव्हान्टेजमध्ये जाणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. बहुतेक राज्यांत मेडिगॅपकडे परत येताना कंपनी तुमची तब्येत तपासून नकार देऊ शकते.

नवरा-बायकोंसाठी एकत्र असा पार्ट डी नसतो. दोघांचे प्लॅन वेगवेगळे, आणि ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी काही बिघडत नाही. आमचे आज तसेच आहेत.

पहिलं काम: तारीख चुकवू नका

पासष्टाव्या वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, असे सात महिने नाव नोंदवायला मिळतात. "मी तर एकही गोळी घेत नाही, मला कशाला हवा?" हे वाक्य मी फार ऐकते, आणि प्रत्येक वेळी काळजी वाटते. कारण हे सात महिने उलटल्यावर सलग ६३ किंवा अधिक दिवस पार्ट डी किंवा त्याच्या तोडीचा विमा नसेल, तर दंड लागतो. उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय मूळ प्रीमियमच्या १ टक्का. हा मूळ प्रीमियम २०२६ साठी ३८.९९ डॉलर आहे. अडीच वर्षं, म्हणजे ३० महिने उशीर केला तर ३० टक्के, म्हणजे दरमहा ११.७० डॉलर. रक्कम छोटी वाटते, पण ती पार्ट डी असेपर्यंत, म्हणजे बहुतेकांना जन्मभर, प्रीमियमबरोबर भरावी लागते, आणि मूळ प्रीमियम बदलला की तीही बदलते. गोळ्या नसतील तर सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या, पण घ्या.

तुम्ही किंवा तुमचा जोडीदार अजून नोकरीत असेल, किंवा जुन्या कंपनीचा निवृत्तांसाठीचा विमा असेल, तर आधी एकच कागद शोधा. त्या विम्यातलं औषधांचं संरक्षण पार्ट डीच्या तोडीचं आहे की नाही, हे सांगणारं पत्र कंपनीला दर वर्षी १५ ऑक्टोबरच्या आत द्यावं लागतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकलं जातं. कृपा करून ते फाइलला लावा, पुढे दंडाचा प्रश्न आला तर तोच पुरावा. "तोडीचं आहे" असं लिहिलं असेल तर पार्ट डीसाठी थांबता येतं. निवृत्तांच्या विम्यात अजून एक धोका आहे: काही कंपन्यांच्या नियमानुसार तुम्ही बाहेरून पार्ट डी घेतला की त्यांचा सगळा विमाच जातो, कधी जोडीदाराचासुद्धा, आणि परत मिळत नाही. एचआरला फोन करून, शक्य तर लेखी उत्तर घेऊनच पुढे जा.

दुसरं काम: यादी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. फडताळातल्या, पर्समधल्या, उशीजवळच्या सगळ्या बाटल्या टेबलावर आणायच्या. आठवणीतून यादी करू नका. प्रत्येक बाटलीवरून नाव, मिलिग्रॅम, गोळी की कॅप्सूल, आणि महिन्याला किती, हे उतरवून घ्यायचं. मेटफॉर्मिनच्या साध्या आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळीत प्लॅनच्या लेखी फरक असू शकतो. इन्हेलर आणि डोळ्यांचे थेंब लोक हमखास विसरतात, आणि महाग तेच असतात.

भारतातून आणलेल्या स्ट्रिप्स असतील तर ब्रँडच्या नावाखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. ही तिन्ही इथे जेनेरिकमध्ये मिळतात. पण भारतात सर्रास दिली जाणारी काही औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत: व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, व्होग्लिबोज, सिल्निडिपिन. ती कुठल्याच पार्ट डी प्लॅनमध्ये सापडणार नाहीत. एका काकांची मधुमेहाची गोळी आम्ही अर्धा तास शोधत होतो, स्पेलिंग उलटसुलट करून पाहिलं, आणि शेवटी लक्षात आलं की ती इथे विकलीच जात नाही. अशा वेळी आधी इथल्या डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलून घ्या, मग त्या नव्या औषधाने प्लॅन शोधा. उलट क्रमाने केलंत तर वर्षभर चुकीच्या प्लॅनमध्ये अडकाल.

यादीत काय धरू नये तेही सांगते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या, बहुतेक जीवनसत्त्वं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधं पार्ट डीत येत नाहीत. निव्वळ वजन उतरवण्यासाठीचं औषधही येत नाही. ओझेम्पिक मधुमेहासाठी लिहून दिलं असेल तर मात्र येऊ शकतं. क्लिनिकमध्ये शिरेतून दिलं जाणारं केमोसारखं औषध बहुधा पार्ट बीत जातं. फ्लू, कोव्हिड आणि न्यूमोनियाच्या लसी पार्ट बीत. शिंगल्सची पार्ट डीत, आणि २०२३ पासून ती मोफत आहे. पूर्वी तिच्यासाठी बरेच पैसे मोजावे लागत, म्हणून अनेकांनी टाळली होती. आता टाळू नका.

तिसरं काम: प्लॅन फाइंडर

मेडिकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर प्लॅन फाइंडर आहे. झिप कोड घाला, यादीतली औषधं एकेक करून भरा, आणि जवळच्या दोन-तीन फार्मसी निवडा. घराच्या कोपऱ्यावरची एकच फार्मसी निवडू नका. प्रत्येक प्लॅनच्या काही "पसंतीच्या" फार्मसी असतात, तीच गोळी तिथे स्वस्त आणि रस्त्यापलीकडे महाग असं होतं. टपालाने ९० दिवसांची औषधं मागवायचा पर्यायही तिथेच दिसतो.

मग प्लॅनची यादी येते. ती बहुतेकांना प्रीमियमनुसार लावावीशी वाटते. तसं करू नका. "औषधं अधिक प्रीमियम मिळून वर्षाचा सर्वांत कमी खर्च" या क्रमाने लावा. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

कारण हिशेबात दिसेल. समजा एका बाईंना मेटफॉर्मिन, अॅटोर्व्हास्टॅटिन आणि अॅम्लोडिपिन चालू आहे, आणि त्याशिवाय एलिक्विस. पहिल्या तिन्ही गोळ्या दोन्ही प्लॅनमध्ये फुकट धरू. एलिक्विसची मेडिकेअरने ठरवलेली किंमत ३० दिवसांना २३१ डॉलर आहे, फार्मसीचं किरकोळ शुल्क सोडून देऊ.

पहिला प्लॅन: प्रीमियम महिना १२ डॉलर, डिडक्टिबल ६१५, म्हणजे २०२६ मध्ये कायद्याने ठेवता येतं तेवढं पूर्ण, आणि त्यानंतर औषधाच्या किमतीच्या २५ टक्के. जानेवारी-फेब्रुवारीत पूर्ण २३१, मिळून ४६२. मार्चमध्ये डिडक्टिबलचे उरलेले १५३ आणि बाकीच्या ७८ चे २५ टक्के, म्हणजे १७२.५०. पुढचे नऊ महिने ५७.७५ प्रत्येकी. औषधाचे झाले ११५४.२५, प्रीमियम १४४. एकूण १२९८.२५ डॉलर.

दुसरा प्लॅन: प्रीमियम ४५, डिडक्टिबल नाही, एलिक्विसचा को-पे, म्हणजे दर महिन्याच्या औषधामागे आपण द्यायची ठरलेली रक्कम, ४७. प्रीमियम ५४०, औषध ५६४. एकूण ११०४. जवळजवळ चौपट प्रीमियमचा प्लॅन वर्षाला १९४ डॉलरने स्वस्त. आणि याच बाईंच्या यजमानांना फक्त जेनेरिक गोळ्या असतील तर त्यांना पहिला प्लॅन १४४ मध्ये आणि दुसरा ५४० मध्ये पडेल. एकाच घरात दोन वेगळी उत्तरं.

खर्चाला आता वरची मर्यादाही आहे. २०२२ च्या कायद्याने पूर्वीचा "डोनट होल", म्हणजे विम्याचं संरक्षण कमी होणारा मधला टप्पा, २०२५ पासून गेला आणि खिशातून जाणाऱ्या रकमेला छत आलं. २०२६ साठी ते २,१०० डॉलर आहे. त्यापुढे वर्षभर प्लॅनमधल्या औषधांना काही द्यावं लागत नाही. इन्शुलिन महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त नाही. पण प्रीमियम या २,१०० मध्ये मोजत नाहीत, आणि प्लॅनच्या यादीत नसलेल्या औषधाचे पैसेही मोजत नाहीत. डिस्काउंट कूपन वापरून विमा बाजूला ठेवून घेतलेलं औषधही सहसा मोजलं जात नाही. वर्षात चार स्वस्त गोळ्याच लागत असतील तर कूपनने खुशाल घ्या. महाग औषध चालू असेल तर विम्यातूनच घ्या.

२०२६ च्या जानेवारीपासून सरकारने ठरवलेल्या किमती दहा औषधांना लागू झाल्या. आपल्या वयाच्या माणसांच्या घरात हमखास सापडणारी नावं त्यात आहेत: एलिक्विस, झारेल्टो, जार्डियन्स, फार्क्सिगा, जानुव्हिया, एन्ट्रेस्टो. जानुव्हिया ३० दिवसांना ११३ डॉलर, जार्डियन्स १९७. यांपैकी काही घेत असाल तर जुन्या वर्षाच्या अनुभवावर विसंबू नका, हिशेब नव्याने करा.

चौथं काम: बारीक अक्षरं

खर्चाच्या क्रमात वर आलेले तीन प्लॅन घ्या आणि प्रत्येकाच्या औषधांच्या यादीत, जिला फॉर्म्युलरी म्हणतात, आपली औषधं पाहा. ती पायऱ्यांत विभागलेली असतात: पहिल्या दोन सहसा जेनेरिकच्या, तिसरी पसंतीच्या ब्रँडची, चौथी प्लॅनच्या पसंतीत नसलेल्या औषधांची, पाचवी अतिमहाग खास औषधांची. पुष्कळ प्लॅनमध्ये डिडक्टिबल तिसऱ्या पायरीपासून पुढे लागतं. ताईंचं तेच होतं.

औषधापुढे तीन प्रकारच्या खुणा असू शकतात. आधी परवानगी घ्या. आधी स्वस्त औषध घेऊन पाहा, लागू पडलं नाही तरच हे. आणि महिन्याला इतक्याच गोळ्या. दुसरी खूण दिसली आणि ते स्वस्त औषध तुम्हाला पूर्वी सोसलं नसेल, तर डॉक्टरांकडून अपवादाची मागणी करता येते. डॉक्टरांचं कारण हातात पडल्यावर प्लॅनला ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो, तातडीचं असेल तर २४ तासांत. नकार आला तर अपील आहे. लोक पहिल्या नकारालाच थांबतात आणि औषध सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पैशांची ओढाताण असेल तर

हे शीर्षक वाचून पुढे निघून जाऊ नका, कारण पात्र असूनही अर्ज न करणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. संकोच वाटतो, "आपण काय सरकारकडे मागायचं" असं वाटतं. कमी उत्पन्नाच्या लोकांना पार्ट डीच्या खर्चात मदत करणारी एक्स्ट्रा हेल्प नावाची योजना सोशल सिक्युरिटी ऑफिसमार्फत चालते. २०२५ ची उत्पन्नाची मर्यादा एकट्यासाठी वर्षाला २३,४७५ डॉलर आणि जोडप्यासाठी ३१,७२५ होती, ती दर वर्षी थोडी वाढते. बचतीलाही मर्यादा आहे, पण राहतं घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत. उत्पन्न मोजतात ते अर्जदाराचं आणि सोबत राहणाऱ्या नवऱ्याचं किंवा बायकोचं. मुलाकडे राहणाऱ्या आई-वडिलांनी हे नीट लक्षात घ्यावं. योजना मिळाली की डिडक्टिबल जातं, जेनेरिकला ५.१० आणि ब्रँडला १२.६५ डॉलरच्या वर जात नाही, आणि उशिराचा दंडही लागत नाही. अर्ज १-८००-७७२-१२१३ वर फोन करूनही होतो.

उत्पन्न त्याहून थोडं जास्त असेल तर राज्याची योजना पाहा. न्यू जर्सीच्या 'पाड'मध्ये जेनेरिक ५ आणि ब्रँड ७ डॉलरला पडतं. न्यूयॉर्कची 'एपिक' एकट्यासाठी ७५,००० आणि जोडप्यासाठी १,००,००० डॉलर उत्पन्नापर्यंत आहे. पेनसिल्व्हेनियाची 'पेस' तिथल्या लॉटरीच्या पैशातून चालते.

खर्च जास्त, पण उत्पन्न मर्यादेबाहेर, अशांसाठी २०२५ पासून हप्त्यांची सोय आली आहे. महागड्या औषधाचे २,१०० डॉलर एकट्या जानेवारीत भरण्याऐवजी महिना १७५ असे भरता येतात, व्याज नाही. एकूण रक्कम कमी होत नाही आणि वर्षाच्या शेवटी घेतली तर उपयोग नाही. डिसेंबरातच प्लॅनला फोन करून जानेवारीपासून लावून घ्या.

ज्यांचं उत्पन्न चांगलं आहे त्यांना पार्ट डीवर अधिभार येतो, २०२६ मध्ये एकट्याला १,०९,००० आणि जोडप्याला २,१८,००० डॉलरच्या वर. तो दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून ठरतो, म्हणजे नोकरीत असतानाच्या पगारावर. तुम्ही नुकतेच निवृत्त झाला असाल तर एसएसए-४४ हा फॉर्म भरून आताच्या उत्पन्नावर आकारणी मागा.

आई-वडिलांसाठी

ग्रीन कार्डवर आलेल्या पासष्टीपुढच्या आई-वडिलांना इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. दहा वर्षं इथे काम केलेलं नसल्याने पार्ट ए त्यांना महाग पडतो, आणि तिथेच घरचे नाद सोडतात. पण पार्ट डीसाठी ए किंवा बी यांतलं एक पुरतं. नुसता पार्ट बी घेऊनही औषधांचा प्लॅन मिळतो.

भारतात जाताना, आणि दर वर्षीची फेरी

प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. आपली दिवाळी आणि भारताची तिकिटं नेमकी याच सुमारास येतात, आणि मग "आल्यावर बघू" होतं. आल्यावर सहसा काही बघता येत नाही. प्लॅनचं बदलांचं पत्र ३० सप्टेंबरपर्यंत येतं. ते आलं त्या आठवड्यात यादी काढा आणि विमानात बसण्याआधी काम उरका. नवा प्लॅन घेतला की जुना आपोआप बंद होतो, वेगळा रद्द करायला नको.

भारतात घेतलेल्या औषधाचे पैसे पार्ट डी देत नाही आणि ते २,१०० मध्ये धरत नाही. तीन महिने जाणार असाल तर निघण्याआधी दोन-तीन आठवडे फार्मसीला आणि प्लॅनला सांगून प्रवासासाठी जादा साठा मागा. कायमचं पुण्याला किंवा सांगलीला जाऊन राहणार असाल तर गोष्ट वेगळी: अमेरिकेबाहेर राहताना पार्ट डी ठेवता येत नाही, त्या काळाचा दंडही लागत नाही. परत आल्यावर त्या महिन्यानंतरचे दोन पूर्ण महिने नाव नोंदवायला मिळतात.

हे सगळं एकट्याने करायचं नसेल तर प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्लासेवा आहे. तिथले लोक कुठल्याही कंपनीचं कमिशन घेत नाहीत. मेडिकेअरचा नंबर १-८००-६३३-४२२७, दुभाषी मागता येतो. फोन करताना यादी आणि मेडिकेअर कार्ड हाताशी ठेवा. स्वतःहून फोन करून कार्डाचा नंबर मागणाऱ्याला मात्र तो कधीच देऊ नका.

नवा प्लॅन १ जानेवारीला सुरू होतो. नवं कार्ड आलं की फार्मसीत दाखवा, नाहीतर ते जुन्यावरच बिल लावतात. आणि पहिल्याच खेपेला कळलं की चालू असलेलं औषध नव्या यादीत नाही, तर घाबरू नका, रिकाम्या हाताने परतूही नका. पहिल्या ९० दिवसांत एकदा महिनाभराचं औषध प्लॅनला द्यावंच लागतं. काउंटरवर "ट्रान्झिशन फिल" एवढे दोन शब्द म्हणा, औषध घ्या, आणि त्या महिन्यात डॉक्टरांकडून अपवादाचा अर्ज पाठवून घ्या.